काट्यांच्या जागी ओळख

मिरजेकडच्या मगदुमांच्या मळ्यात पहिली पानवेल लावली ती अंबूबाईंनी. त्यांच्या सूनबाई चंपाबाई; त्यांनी ती वेल शेवरीच्या झाडांवर चढवून एका वाफ्याचा मळा केला. चंपाबाईंच्या सूनबाई सोनाबाई. त्यांनी तो मळा दुष्काळात डोक्यावरून पाणी वाहून राखला. तिघींपैकी एकीलाही सही करता येत नव्हती. परंतु तिघींच्या हाताला गुण होता, आणि त्या गुणाचा गर्व करण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. या सोनाबाईंच्या सूनबाई राजमती. ही हकीकत त्यांची आहे.

पानमळा आता उरलेला नाही. राजमतीबाईंचे यजमान पाचगणीच्या एका निवासी शाळेत शेतीशास्त्र शिकवायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्याही डोंगर चढून आल्या त्या कायमच्या. यजमान निवर्तले, मुलगा सन्मती शिकून नोकरीला लागला, ऋजुता सून म्हणून घरात आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. गावातल्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवीत असे. काळ बदलला, डोंगरावर बिनचालकाच्या मोटारी धावू लागल्या, तरी त्या घरातली सत्ता काही बदलली नाही. फोडणीत मोहरी आधी की जिरे, याचा निर्णयसुद्धा राजमतीबाईंच्या तोंडून यावा लागे. सारे गाव त्यांना अक्का म्हणे, आणि गावाने तसे म्हणावे यात त्यांना विशेष काही वाटत नसे.

बागेत ब्लॅकबेरी आली ती डॉ. नफीसा बागवान यांच्या हातून. वाईच्या वाटेवर नव्याने उभ्या राहिलेल्या फळसंशोधन केंद्रात त्या काम करीत, आणि घरगुती बागांतून नव्या वाणाची चाचणी घेण्यासाठी त्यांना खात्रीचे हात हवे होते. राजमतीबाईंनी त्यांना आधी चहा पाजला, मग उलटतपासणी घेतली.

डॉ. बागवानांनी समजावून सांगितले ते असे. ब्लॅकबेरी म्हणजे आपल्या कड्याकपारींत वाढणाऱ्या गौरीफळाची परदेशी चुलत बहीण. फळ रसाळ, पण अंगभर काटे. बिनकाट्याचे वाण पूर्वीही होते, मात्र त्यांतल्या कित्येकांचा गुळगुळीतपणा वरवरचा होता. पेशींचा अगदी बाहेरचा थर तेवढा बिनकाट्याचा, आतले झाड जसेच्या तसे काटेरी; जणू काटेरी झाडाने मऊ सदरा अंगात घातला होता. शेंडा वाकवून मातीत दाबला तर नवे रोप बिनकाट्याचे होई. पण खुरप्याने मूळ दुखावले, की आतल्या थरातून फुटवा येई आणि झाड आपले खरे रूप दाखवी. नव्या वाणात जनुकच बदलल्यामुळे ते आतबाहेर बिनकाट्याचे झाले होते.

"मग माकडं काय उपास करणार?" राजमतीबाईंनी विचारले.

डॉ. बागवान हसल्या. नेमकी तीच अडचण होती. काटे गेले तसे झाडाचे संरक्षणही गेले, म्हणून शास्त्रज्ञांनी काट्यांच्या जागी ओळख बसवली होती. फांद्यांवर डोळ्यांना न दिसणारी लव होती. माणसाच्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो. त्यातले निरनिराळे स्निग्ध पदार्थ आणि कातडीवर नांदणारे जीवाणू मिळून प्रत्येक हाताला स्वतःचा असा गंध येतो. पहिल्या पालवीत जो हात झाडावरून रोज फिरे, त्याला ती लव ओळखून ठेवी. पुढे परका हात किंवा माकडाचा पंजा लागला, की त्या फांदीतून रासायनिक इशारा सुटे आणि जवळची फळे पिकतानाच कडू, तुरट होऊन जात. माकडे एकदा चाखत, थुंकत आणि पुन्हा फिरकत नसत. वाणाचे नाव ठेवले होते सुहस्ता.

"म्हणजे हातगुण," राजमतीबाई म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना हे यंत्रावाचून ठाऊक होतं."

पहिल्या पालवीत त्यांनी झाडांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. केंद्राने त्यांच्या तळव्याचा नमुना घेऊन नोंदवून ठेवला. पुढचे दोन उन्हाळे तारांवर बांधलेल्या फांद्या काळ्याभोर, अंगठ्याएवढ्या फळांनी लवल्या, आणि गोडी अशी की शेजारच्या फ्रेनी दस्तूर वाटी पुढे करून कुंपणाशी उभ्या राहू लागल्या.

पाहता पाहता सुहस्ता पाचगणीत घरोघर गेली, आणि तिच्याबरोबर एक नवी सवयही गेली. स्वयंपाकघरालगतची फळे कडू निघाली म्हणून एका बंगल्यातल्या स्वयंपाकिणीला काढून टाकण्यात आले. एका गृहस्थाने खिडकीखालचे झुडूप पुढे करून बायकोला जाब विचारला. पुढे तिथे वायरमन चढला होता असे निघाले, पण तोवर बायको माहेरी पोचली होती. रात्री भिंत ओलांडणारी मुले कळावीत म्हणून शाळांनी भिंतीलगत सुहस्ता लावली. पूर्वी साक्षीदार विकत घ्यावे लागत. आता त्यांना रोज पाणी घालावे लागे, एवढाच फरक. डॉ. बागवान जीव तोडून सांगत, की झाडाला फक्त परका हात कळतो, तो कुणाचा हे कळत नाही. पण संशयाला अर्धे वाक्य पुरते. उरलेले तो स्वतः रचतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात राजमतीबाईंनी पहिल्या तोडणीचे जेवण घातले. फ्रेनी दस्तूर आल्या, डॉ. बागवान आल्या, सन्मतीच्या कचेरीतले एक जोडपे आले. पुरणपोळ्या झाल्या, आमटी झाली, आणि शेवटी चांदीच्या ताटलीत ब्लॅकबेरी आली. फ्रेनीबाईंनी एक तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा दुमडला.

"अक्का, हे तर साफ जहर हाय," त्या म्हणाल्या. "तुमी माझ्यावर काय रागावला काय?"

राजमतीबाईंनी स्वतः एक फळ चाखले. जिभेवर हिरड्यासारखा तुरटपणा पसरला. त्यांनी ताटलीवर रुमाल टाकला, आणि त्यांची नजर सावकाश फिरत ऋजुतावर येऊन थांबली.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पानवेल ही सोवळी मानतात. मळ्यात चपला घालून जायचे नाही, आणि बाईने अडचणीच्या दिवसांत तर पाऊलही टाकायचे नाही. विटाळाने वेल करपते, हे राजमतीबाईंनी सासरी आल्या दिवसापासून ऐकले होते. सुहस्ता दारी आली तेव्हा त्यांनी डॉ. बागवानांना आडून विचारले होते, की त्या दिवसांत बाईची कातडी बदलते का. डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, की तेलाचे प्रमाण थोडेफार बदलते, पण झाडाला परके वाटावे इतके मुळीच नाही. राजमतीबाईंनी वाक्याचा पहिला भाग पदरात बांधला आणि दुसरा तिथेच सोडून दिला. विज्ञानाने सोनाबाईंच्या म्हणण्यावर शिक्का मारला, असे त्या तेव्हापासून धरून चालल्या होत्या.

"ऋजुता," त्या सर्वांदेखत म्हणाल्या, "अडचणीच्या दिवसांत बागेत जाऊ नकोस, एवढं एकच मी तुला सांगितलं होतं. तुला ते पाळवलं नाही. आज चार माणसांत या घराचा हात तू कडू करून दाखवलास."

ऋजुताने हातातले पाण्याचे भांडे खाली ठेवले. तिचा आवाज चढला नाही.

"आई, मी आजवर तुमच्या झाडांना बोटसुद्धा लावलेलं नाही. कोणत्याच दिवसांत नाही. तुम्हाला विचारायचंच होतं तर आत बोलावून विचारलं असतंत."

ती उठून गेली. डॉ. बागवान काही बोलू पाहत होत्या, पण राजमतीबाईंनी त्यांना ताक वाढले आणि विषय मिटवला. संध्याकाळी सन्मतीने येऊन सांगितले, की पुण्याच्या एका रुग्णालयात ऋजुताला जागा मिळते आहे. उन्हाळा संपला की दोघेही तिकडे राहायला जातील. आईने शब्द मागे घेतला तर गोष्ट वेगळी. राजमतीबाई म्हणाल्या, की मगदुमांच्या बायका शब्द मागे घेत नाहीत. सन्मती म्हणाला, तेही खरेच, आणि निघून गेला. घर राहणार की मोडणार हे आता त्या एका शब्दावर आले होते, आणि आपण खऱ्या आहोत याविषयी राजमतीबाईंना तिळमात्र शंका नव्हती.

त्यानंतर त्यांचे डोळे घरभर फिरू लागले, आणि शोधणाऱ्याला सापडते तसे त्यांना सापडतही गेले. सकाळी त्या बागेत निघाल्या की खिडकीचा पडदा हले. एकदा त्यांनी अचानक मागे वळून पाहिले, तर पडद्याआड ऋजुता उभी; हातात फोन, आणि फोनचा डोळा त्यांच्यावर रोखलेला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातून त्यांना सून आणि मुलगा यांचे दबक्या आवाजातले बोलणे ऐकू आले. ऋजुता म्हणत होती, की आता किती दिवस त्यांना अंधारात ठेवायचे. माझ्याकडे सगळे चित्रण आहे, वेळीच पाऊल उचलले नाही तर पुढे फार अवघड जाईल. सन्मती म्हणत होता, की आत्ता सांगितले तर तिला तो सूड वाटेल, थोडे थांबू.

राजमतीबाई पाऊल न वाजवता परत फिरल्या. सारा डाव त्यांना स्पष्ट दिसला. सुहस्ताला नव्या हाताची सवय लावता येते, हे केंद्राच्या माहितीपत्रकातच होते. नवी पालवी फुटताना नवा हात रोज फिरला, तर झाड हळूहळू त्याचे होते. सून चोरून झाडे आपलीशी करीत होती. म्हातारीला आता बाग झेपत नाही, हे दाखवायला चित्रण करीत होती. आधी बाग, मग किल्ल्या, मग घर. पुण्याला जाण्याची भाषा हे नुसते पांघरूण होते.

त्यांनी सापळा लावायचे ठरवले. बागेत दोन झुडपे अगदी सारख्या जोमाची होती. विहिरीकडच्या झुडपावर त्यांनी बारीक जाळी चढवली आणि तिची तोंडे लव्हाळ्याच्या दोरीने बांधली. पानवेल शेवरीला बांधताना सोनाबाई एक आडवी गाठ मारीत; ती सुटली तर पुन्हा तशी मारणे जाणत्याचेच काम. आता त्या झुडपाला राजमतीबाईंवाचून कुणाचा स्पर्श होणे शक्य नव्हते. फाटकाकडचे झुडूप मात्र त्यांनी आमिष म्हणून उघडे टाकले. चोराला वाव मिळावा म्हणून स्वतः त्याच्या जवळही फिरकल्या नाहीत. पाणी नळीने दुरूनच सोडीत. जाळीतली फळे गोड निघतील, उघड्यावरची कडू निघतील, आणि मग दोन्ही ताटल्या सुनेपुढे ठेवायच्या.

रोज सकाळी त्या गाठ सोडीत, जाळीत हात घालून फांद्या सारख्या करीत, वाळके पान खुडीत आणि पुन्हा गाठ मारीत. गाठ पूर्वीसारखी चटकन बसत नसे. बोटे दोरीवर घुटमळत. पाचगणीची थंड हवा, दुसरे काय, असे म्हणून त्या उन्हाळ्यातही हात पदरात गुंडाळीत.

फळे काळी झाली तेव्हा त्यांनी घरात कुणाला न सांगता तोडणी केली. जाळीची एकही गाठ बदललेली नव्हती. जाळीतले फळ त्यांनी विजयाने जिभेवर ठेवले आणि तसेच थुंकले. चांदीच्या ताटलीतल्यापेक्षाही ते कडू होते. त्या फाटकाकडे गेल्या. उघड्यावरचे फळ तोंडात फुटले आणि रसाने गाल भरला. मधासारखे गोड, मागे किंचित आंबूस, अगदी पहिल्या उन्हाळ्यातल्यासारखे.

राजमतीबाई अडाणी नव्हत्या. शेतीशास्त्राच्या शिक्षकाशी त्यांनी संसार केला होता. एक झुडूप झाकले, एक उघडे ठेवले. दोहोंत फरक एकाच हाताचा. तो हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला. उन्हात त्याच्यावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. कधी नव्हे ते त्यांना त्या हाताची भीती वाटली. तरीही मनाने एक शेवटची वाट काढली: केंद्राचे वाणच खोटे असेल. त्यांनी फोन करून डॉ. बागवानांना तातडीने बोलावून घेतले, आणि आवाजात जरब होती तितकी ठेवली.

डॉ. बागवानांनी फांदीला चिमट्यासारखे यंत्र लावले आणि राजमतीबाईंना पानावर हात ठेवायला सांगितले. थोड्या वेळात यंत्राने झाडाचा कौल दाखवला: परका. मग त्यांनी तळव्याचा ताजा नमुना घेऊन पहिल्या वर्षीच्या नमुन्याशी ताडून पाहिला.

"डॉक्टरबाई, माझं झाड मला ओळखत नाही," राजमतीबाई म्हणाल्या. "कारण सांगा. गोड करून सांगू नका."

"अक्का, झाड बदललेलं नाही. तुमच्या कातडीचं तेल बदललंय," डॉ. बागवान म्हणाल्या. "मी फळांची डॉक्टर, माणसांची नाही. निदान करायचा मला अधिकार नाही. पण असा बदल का होतो याचं एक कारण मला माहीत आहे, आणि ते तुमच्यापासून लपवणं बरं नव्हे. कंपवातात हात कापायला लागण्याच्या बऱ्याच आधी कातडीचा गंध बदलतो. यंत्राला, किंवा एखाद्या तीक्ष्ण नाकालाही, तो कळतो. तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर."

व्हरांड्याच्या दारात ऋजुता उभी होती. तिने ऐकले होते. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आणि तेच राजमतीबाईंना अधिक बोचले.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"शंका होती," ऋजुता म्हणाली. "चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, आई. ब्लाउजचे हूक लावायला वेळ लागतो. असे पेशंट मी रोज बघते. डॉक्टरांना दाखवायला पुरावा हवा म्हणून चालण्याचं चित्रण केलं, आणि वेळही घेऊन ठेवली. तुम्हाला सांगणार होते, तेवढ्यात ते जेवण झालं. त्यानंतर मी काहीही बोलले असते, तरी तुम्हाला ते विषच वाटलं असतं."

राजमतीबाई पायरीवर बसल्या. ऋजुताने आधाराला हात पुढे केला नाही. मात्र ती गेलीही नाही. राजमतीबाईंच्या मनात एक जुने दुपारचे ऊन उगवले.

त्या नव्या नवरी होत्या. मळ्याच्या पूर्वेकडच्या ओळी एकाएकी माना टाकू लागल्या. सोनाबाईंनी खुडणीच्या साऱ्या बायकांसमोर सुनेला उभे केले आणि सांगितले, की ही विटाळात आत आली. राजमती गेली नव्हती. तिने तसे सांगितले, आणि तिला गोठ्याशेजारी बसवण्यात आले. पुढे शेतकी अधिकाऱ्याने मुळे उपटून दाखवली. साचलेल्या पाण्यातल्या बुरशीने ती काळी पडली होती. सोनाबाईंनी ती मुळे स्वतःच्या हातांनी फोडून पाहिली. त्यांना कळले होते, हे राजमतीने त्यांच्या डोळ्यांत वाचले. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत, आणि पुढे अंथरुणाला खिळल्यावर सून त्यांचे अंग पुशीत असे तेव्हाही नाहीत. तो शब्द त्यांच्याकडून येणे बाकी होता. राजमतीबाई आयुष्यभर त्याची वाट पाहत राहिल्या, आणि सोनाबाई तो न देताच गेल्या.

आणि आता त्याच मापाने, तशाच चार माणसांत, त्यांनी स्वतःच्या सुनेला तेच केले होते. सासूचा हातगुण आपल्याकडे आला असे म्हणताना तिचे देणेही आपल्याच नावावर आले, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

मेंदूच्या डॉक्टरांनीही कंपवातच सांगितला. त्यानंतर राजमतीबाईंनी पुन्हा जेवण घातले. तीच माणसे बोलावली. आरोप ज्यांच्यासमोर झाला त्यांच्यासमोरच तो उतरला पाहिजे, एरवी तो उतरत नाही, एवढे त्या जाणून होत्या. सन्मतीने सुचवले, की घरातल्या घरात म्हटलेस तरी चालेल. त्यांनी त्याला श्रीखंड ढवळायला बसवले.

पंगत बसली. फाटकाकडच्या झुडपाची फळे फ्रेनीबाईंनी डोळे मिटून खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली. राजमतीबाई उभ्या राहिल्या. उजवा हात किंचित कापत होता. त्या दिवशी त्यांनी तो पदराआड घेतला नाही.

"मागच्या खेपेस मी याच पंगतीत माझ्या सुनेला दोष दिला," त्या म्हणाल्या. "तिने झाडाला हात लावला नव्हता. फळं माझ्या हाताने कडू झाली. तो हात आजारी आहे, यात माझा अपराध नाही. पण न विचारता, न तपासता तिला चार माणसांत उभं केलं, हा माझा अपराध आहे. विटाळाचं म्हणाल, तर झाडाने सगळ्या बागेत एकच हात परका ठरवला, आणि तो सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीचा निघाला. तेव्हा ते खूळ या घरात आजपासून बंद."

फ्रेनीबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"आणखी एक," राजमतीबाई ऋजुताकडे वळून म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी मला असंच उभं केलं होतं. मी निर्दोष आहे हे त्यांना पुढे कळलं, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांचं देणं माझ्याकडे आलंय, आणि ते घ्यायला सून म्हणून आता तूच आहेस. ऋजुता, सोनाबाई मगदूम चुकल्या. राजमती मगदूम चुकली. दोघींच्या वतीने मी तुझी माफी मागते."

आणि ज्या मानेने त्या घरात कधी कुणापुढे लवणे जाणले नव्हते, ती मान त्यांनी सुनेपुढे लववली, सावकाश, पूर्ण, आणि ऋजुता बोलेपर्यंत वर केली नाही.

तिने वेळ घेतला. तो तिचा हक्क होता. मग ती उठली, सासूचा कापणारा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि घट्ट दाबून स्थिर केला.

"पोचलं, आई," ती म्हणाली. "दोघींचंही."